स्प्रूसची अरण्ये वाळवणारा ‘मुद्रक’ भुंगेरा

युरोपातील सूचिपर्णी अरण्यांत स्प्रूस वृक्षाच्या सालीखाली जेमतेम चार ते साडेपाच मिलिमीटर लांबीचा एक काळसर तपकिरी भुंगेरा राहतो. ‘इप्स टायपोग्राफस’ हे त्याचे शास्त्रीय नाव. तांदळाच्या दाण्याहून लहान असलेल्या या कीटकाने गेल्या काही वर्षांत चेक प्रजासत्ताक, जर्मनी, ऑस्ट्रिया, उत्तर इटली आणि स्वीडन या देशांतील कोट्यवधी वृक्ष उभ्याउभ्या वाळवले. तो तेथे बाहेरून आलेला नाही. युरोपापासून सायबेरियामार्गे जपानपर्यंत जेथे जेथे स्प्रूस आहे, तेथे तेथे तो पूर्वापार आहे. एरवी वादळात उन्मळलेल्या किंवा म्हातारपणाने खंगलेल्या झाडांवर गुजराण करणारा हा अरण्याचा जुना रहिवासी अधूनमधून एवढा विध्वंसक का होतो, हा वनशास्त्रापुढचा किमान अडीचशे वर्षांचा प्रश्न आहे.

भुंगेऱ्यांच्या ज्या विशाल कुळात धान्यातले सोंडे आणि माडाच्या गाभ्यात शिरणारा सोंड्या भुंगा येतो, त्याच कुळात आजचे बहुतेक वर्गीकरणकार या साल पोखरणाऱ्या गटाला बसवतात. या भुंगेऱ्याला मात्र सोंड नसते. त्याची ओळख पटते ती पाठीमागच्या टोकावरून. पंखांची कठीण झाकणे मागे तिरकस कापल्यासारखी उतरतात आणि त्या उताराच्या दोन्ही कडांवर प्रत्येकी चार दात असतात. या आठ दातांचा उपयोग चावण्यासाठी होत नाही. बोगदा खणताना साचलेला भुसा मागे सरकत बाहेर लोटण्याचे ते फावडे आहे.

‘टायपोग्राफस’ म्हणजे मुद्रक. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने १७५८ मध्ये हे नाव दिले आणि जर्मन भाषेतही त्याला ‘बूखड्रुकर’, म्हणजे पुस्तके छापणारा, असेच म्हणतात. वाळलेल्या स्प्रूसची सुटी झालेली साल उलटी करून पाहिली, की नावाचे मर्म कळते. मध्ये एक उभी रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना काटकोनात निघालेल्या, पुढे रुंदावत गेलेल्या बारीक आडव्या रेघा, आणि शेजारी पुन्हा तसाच ठसा. याच झाडावर त्याचा एक धाकटा नातलग राहतो. तो फांद्यांच्या आणि शेंड्याकडच्या पातळ सालीत ताऱ्यासारखी नक्षी काढतो. त्याला ‘ताम्रपटावर कोरणारा’ अशा अर्थाचे नाव मिळाले आहे. छापखान्याच्या परिभाषेतली दोन नावे एकाच झाडाच्या सालीत सापडावीत, ही कीटकशास्त्रातली दुर्मीळ गंमत म्हणायची.

ज्या झाडावर हा सारा उद्योग चालतो, ते नॉर्वे स्प्रूस युरोपात नाताळचे झाड म्हणून घरोघरी पोचलेले आहे. ओस्लो शहराकडून १९४७ पासून दरवर्षी लंडनच्या ट्रफाल्गर चौकात उभारण्यासाठी जे झाड पाठवले जाते, तेही याच जातीचे. सरळसोट खोड, झपाट्याने होणारी वाढ आणि हलके पण मजबूत लाकूड यांमुळे घराच्या तुळयांपासून कागदाच्या लगद्यापर्यंत सर्वत्र त्याला मागणी आहे. व्हायोलिनच्या वरच्या पाटीला तर स्प्रूसवाचून पर्याय नाही. इटलीच्या ज्या फिएम्मे खोऱ्यातल्या स्प्रूसचा संबंध परंपरेने स्त्रादिवारीच्या वाद्यांशी जोडला जातो, त्या परिसराला ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘वाया’ वादळाने झोडपले आणि पाठोपाठ हा भुंगेरा तेथे पोचला.

सालीखालचा संसार

हिवाळा हा भुंगेरा सालीखाली किंवा झाडाच्या बुंध्याशी साचलेल्या पाचोळ्यात काढतो. एप्रिल-मे महिन्यांत हवेचे तापमान सोळा-सतरा अंश सेल्सियसच्या वर चढले, की थवे उडू लागतात. पुढाकार नराचा असतो. योग्य झाड निवडून तो सालीला भोक पाडतो आणि आत एक छोटी खोली कोरतो. त्याच्या गंधाने ओढल्या जाऊन बहुधा दोन किंवा तीन माद्या त्या खोलीत येतात. मीलनानंतर प्रत्येक मादी खोडाच्या धाग्यांना समांतर, कोणी वर तर कोणी खाली, आपापला स्वतंत्र बोगदा खणते. बोगद्याच्या दोन्ही भिंतींत थोड्याथोड्या अंतरावर खोबण्या कोरून ती प्रत्येक खोबणीत एकेक अंडे ठेवते. अंड्यांची संख्या परिस्थितीनुसार बदलते. साठ हा मध्यम आकडा धरता येईल.

अंड्यातून निघालेली पाय नसलेली पांढरी अळी आईच्या बोगद्याशी काटकोन करून खात सुटते. ती वाढत जाते तसा तिचा बोगदाही रुंद होत जातो. त्याच्या शेवटी ती कोष करते आणि कोषातून निघालेला फिकट पिवळसर भुंगेरा काही दिवस तेथेच साल खाऊन, रंग पक्का झाल्यावर बाहेर पडतो. अंड्यापासून येथवरचा प्रवास हवामानाप्रमाणे साधारण सहा ते दहा आठवड्यांचा. दरम्यान मूळ मादी स्वस्थ बसत नाही. थोडी विश्रांती घेऊन ती दुसऱ्या झाडावर पुन्हा अंडी घालू शकते.

झाडाच्या दृष्टीने घातक ठरते ती या बोगद्यांची जागा. पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे नेणाऱ्या रसवाहिन्या सालीच्या आतल्या थरात असतात आणि भुंगेऱ्याचे सारे कुटुंब नेमका तोच थर खाते. खोडाभोवती बोगद्यांचे जाळे पूर्ण झाले, की मुळांची उपासमार सुरू होते. शिवाय भुंगेरा अंगावर बुरशीचे बीजाणू घेऊन येतो. ही बुरशी लाकडाच्या बाहेरच्या थरात पसरून पाणी वर चढवण्याच्या कामात अडथळा आणते आणि लाकडावर निळसर करडे डाग पाडते. अशा लाकडाची मजबुती फारशी कमी होत नाही. तरीही बाजारात डागी मालाला भाव मिळत नाही, हे सांगणे नलगे.

झाडाची राळ, भुंगेऱ्याची हाक

निरोगी स्प्रूस इतक्या सहजासहजी हार मानत नाही. सालीला भोक पडताच तेथे राळ धावून येते, घुसखोराला बाहेर ढकलते किंवा जागच्या जागी बुडवून मारते. एकट्या-दुकट्या नराचा धडधाकट झाडापुढे टिकाव लागत नाही. त्यासाठी शेकडो भुंगेऱ्यांनी एकाच वेळी हल्ला करावा लागतो आणि एवढी फौज गोळा करण्याची या कीटकाची युक्ती विलक्षण आहे. टर्पेंटाइनला जो उग्र वास असतो, त्यामागचे एक प्रमुख द्रव्य, अल्फा-पायनीन, स्प्रूसच्या राळेत असते. नर ते द्रव्य शरीरात घेऊन त्यापासून ‘सिस-व्हर्बेनॉल’ तयार करतो, त्यात स्वतःच्या शरीरात बनलेले आणखी एक द्रव्य मिसळतो आणि हा गंध हवेत सोडतो. झाडाने बचावासाठी सोडलेल्या राळेतूनच शत्रूला बोलावणे जाते. गंधाच्या रोखाने नर आणि माद्या दोघेही येतात. नव्याने आलेले नर तोच गंध सोडतात आणि काही दिवसांत झाडाची राळ संपते.

याहून अधिक थक्क करणारी गोष्ट पुढची आहे. झाड भरले, की गंध पालटतो. ‘व्हर्बेनोन’ नावाचे द्रव्य वाढू लागते आणि त्याचा अर्थ ‘येथे आता जागा नाही’ असा होतो. मागून येणारे थवे मग शेजारच्या झाडाकडे वळतात. वाळलेली झाडे अरण्यात एकेकटी न दिसता घोळक्याने दिसतात, त्याचे एक कारण हे आहे.

बाहेरून मात्र सुरुवातीला काहीच कळत नाही. पहिली खूण म्हणजे सालीच्या भेगांत, बुंध्याशी वाढलेल्या गवतावर किंवा कोळ्याच्या जाळ्यात अडकलेला तपकिरीसारखा बारीक भुसा. काजूच्या बुंध्याशी साचलेला भुसा पाहून आत रोठा शिरल्याचे ओळखणाऱ्या बागायतदाराला हे निदान परके वाटणार नाही. पण पाऊस पडला, की हा पुरावा वाहून जातो. त्या वेळी झाडाचा माथा हिरवागार असतो. तो तांबूस होऊन सुया गळू लागतात, तोवर नवी पिढी बहुधा उडून गेलेली असते. उपग्रहांची छायाचित्रे लाल झालेली झाडे अचूक दाखवतात. आत भुंगेरे असलेले हिरवे झाड ओळखण्यासाठी मात्र अजूनही माणसाला जंगलात पायी फिरावे लागते. अलीकडे या कामासाठी गंध हुंगणारे प्रशिक्षित कुत्रेही वापरले जातात.

वादळ, उष्मा आणि एकाच झाडाचे अरण्य

साथीची सुरुवात बहुतेक वेळा वादळाने होते. पडलेल्या झाडात राळेचा दाब नसतो, म्हणजे प्रतिकारही नसतो. जानेवारी २००५ मध्ये ‘गुद्रुन’ वादळाने दक्षिण स्वीडनमध्ये सुमारे साडेसात कोटी घनमीटर लाकूड एका रात्रीत आडवे केले. एवढे खोड उचलायला महिनेच्या महिने लागतात आणि तेवढ्या काळात त्यात वाढलेले भुंगेरे उभ्या झाडांकडे वळतात. १९९० आणि १९९९ च्या वादळांनंतर मध्य युरोपाने हेच अनुभवले.

दुसरे कारण उष्मा. सुमारे आठ अंशांखाली या कीटकाची वाढ थांबते आणि त्यावर तापमान जितके अधिक, तितका त्याचा जीवनक्रम वेगवान होतो. उत्तर युरोपात वर्षाला एक पिढी, मध्य युरोपाच्या सखल भागात दोन आणि कडक उन्हाळ्यात तीन. एका मादीची साठ अंडी धरली आणि त्यांतली निम्मी माद्यांची मानली, तर दुसऱ्या पिढीत १,८०० आणि तिसऱ्या पिढीत ५४,००० संतती होते. हा कागदावरचा हिशेब आहे. मुंगीसारखा दिसणारा एक शिकारी भुंगेरा, परजीवी गांधीलमाशा, तीन बोटांचा सुतारपक्षी आणि कडाका यांमुळे प्रत्यक्षात त्यातले फार थोडे जगतात. तरीही दोन पिढ्यांच्या जागी तीन होणे म्हणजे काय, ते या आकड्यांवरून ध्यानात यावे. उन्हाळा कोरडा असेल, तर मुळांना पाणी नसलेले झाड राळही पुरेशी बनवू शकत नाही. झाड दुबळे आणि शत्रू तिप्पट, असा तो योग असतो.

तिसरे कारण माणसाने निर्माण केलेले आहे. मूळचे स्प्रूस हे थंड, ओलसर डोंगरमाथ्यांचे आणि उत्तरेकडचे झाड. अठराव्या शतकात खाणी, भट्ट्या आणि बांधकामे यांनी मध्य युरोपातली जंगले ओरबाडली गेली, लाकडाची टंचाई भासू लागली आणि लवकर वाढणारे झाड म्हणून सखल, उबदार भागांतही बीच आणि ओक यांच्या जागी स्प्रूसच्या सरळ रांगा लावण्यात आल्या. एकाच वयाच्या, एकाच जातीच्या झाडांचे मैलोन्‌मैल पसरलेले हे मळेच होते. जर्मनीच्या हार्त्स डोंगररांगेत त्याच शतकाच्या उत्तरार्धात एवढी मोठी साथ आली, की योहान फ्रीडरिश ग्मेलिन याने १७८७ मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्या काळी या रोगाला ‘वुर्मट्रॉकनिस’ म्हणत, म्हणजे किड्यामुळे येणारे वाळणे. भुंगेरा हे मूळ कारण की आधीच आजारी पडलेल्या झाडावर आलेला पाहुणा, हा वाद तेव्हापासूनचा आहे. दोन्ही पक्षांचे अर्धे अर्धे बरोबर होते, असे आज म्हणावे लागते. साथ लहान असताना तो दुबळी झाडेच गाठतो. संख्या एका मर्यादेपलीकडे गेली, की धट्टीकट्टी झाडेही त्याच्यापुढे तग धरत नाहीत.

वादळ आणि दुष्काळ २०१८ पासून लागोपाठ आले आणि ही तिन्ही कारणे एकत्र झाली. जानेवारी २०१८ ते एप्रिल २०२१ या काळात जर्मनीतील सुमारे पाच लाख हेक्टर वनाच्छादन नष्ट झाल्याचे उपग्रहांच्या नोंदींवरून दिसून आले. गोव्याचे एकूण क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, म्हणजे पावणेचार लाख हेक्टरांहूनही कमी. ही सारी हानी एकट्या भुंगेऱ्याची नव्हे, दुष्काळाचा वाटाही मोठा होता. पण हार्त्समध्ये अडीचशे वर्षांनी तेच दृश्य पुन्हा उभे राहिले. चेक प्रजासत्ताकात २०२० मध्ये साडेतीन कोटी घनमीटरांहून अधिक लाकूड तोडले गेले आणि त्यातले नऊ दशांशांहून अधिक मेलेल्या, पडलेल्या किंवा किडलेल्या झाडांचे होते. बाजारात लाकडाचा पूर आल्याने भाव कोसळले. काही छोट्या वनमालकांना तोडणीचा खर्चही भरून निघेना. एरवी हवेतील कार्बन शोषणारी त्या देशाची वने काही वर्षे उलट कार्बन सोडणारी ठरली.

सापळे, शिक्के आणि भारतातील भाईबंद

या भुंगेऱ्याचा गंध प्रयोगशाळेत तयार करता येऊ लागल्यावर १९७० च्या दशकाच्या अखेरीस मोठी आशा निर्माण झाली. नॉर्वेने १९७९ मध्ये सुमारे सहा लाख कामगंध सापळे लावले आणि अब्जावधी भुंगेरे पकडले. साथ पुढे ओसरली, पण तिचे श्रेय सापळ्यांना किती आणि बदललेल्या हवामानाला किती, यावर एकमत झाले नाही. आज सापळ्यांचा मुख्य उपयोग भुंगेऱ्यांची संख्या आजमावण्यासाठी होतो. खात्रीचा उपाय जुनाच आहे. किडलेले झाड नव्या पिढीच्या उड्डाणापूर्वी तोडायचे आणि ते जंगलाबाहेर न्यायचे किंवा जागेवरच सोलून काढायचे. त्यासाठी हाती असतात ते मोजके आठवडे. काही ठिकाणी मुद्दाम झाड पाडून आमिष म्हणून ठेवतात आणि ते भरले, की उचलून नेतात.

आमिष-वृक्षाची ही युक्ती भारतीय वनाधिकाऱ्यांनाही परिचित आहे. मध्य प्रदेशातील मंडला-अमरकंटक पट्ट्यात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात साल वृक्षांवर खोडकिड्याची मोठी साथ आली, तेव्हा ताज्या तोडलेल्या ओंडक्यांच्या रसावर भुंगेरे जमवून वेचण्यात आले होते. तो कीटक वेगळ्या कुळातला, लांब मिशांचा. सालीखाली राहणारे ‘मुद्रका’चे खरे भाईबंद भारतात हिमालयात आहेत. एडवर्ड पर्सी स्टेबिंग याने १९१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय वनकीटकांवरील ग्रंथात चीड आणि देवदार यांच्या सालीतील अशा भुंगेऱ्यांचे तपशीलवार वर्णन आहे. भूतानमध्ये तर १९८० च्या दशकात याच ‘इप्स’ प्रजातीतील एका जातीने स्प्रूसच्या जंगलांचे मोठे नुकसान केले.

सह्याद्रीत स्प्रूस नाही, त्यामुळे हा भुंगेरा येथे आला तरी उपाशी मरेल. त्याच्या जातीच्या कीटकांमुळे झालेला एक नियम मात्र मुरगाव बंदरातही पाळला जातो. परदेशी जाणाऱ्या मालाची लाकडी खोकी आणि फळ्यांचे तळ सालरहित असावे लागतात आणि त्यांचा गाभा ५६ अंशांवर किमान ३० मिनिटे तापवणे किंवा धुरी देणे आवश्यक असते. गव्हाच्या लोंबीसारखे चिन्ह असलेला जो शिक्का अशा लाकडावर दिसतो, तो याच प्रक्रियेची ग्वाही होय. इतके करूनही कीटक थांबतातच असे नाही. समुद्राने वेगळ्या पडलेल्या ब्रिटनमध्ये हा भुंगेरा २०१८ च्या अखेरीस केंट परगण्यातल्या जंगलात प्रथमच वस्ती करून राहिलेला आढळला. मुख्य भूमीवरून तो वाऱ्याबरोबर खाडी ओलांडून येतो, असे दिसते.

तोडावे की राहू द्यावे

व्यापारी लागवडीत वेगाने तोडणी करावी, याबद्दल फारसा मतभेद नाही. खरा संघर्ष पेटतो तो संरक्षित अरण्यांत. जर्मनीचे पहिले राष्ट्रीय उद्यान १९७० मध्ये बव्हेरियाच्या अरण्यात स्थापन झाले. ऑगस्ट १९८३ च्या वादळात तेथील झाडे पडली, तेव्हा बव्हेरियाचे तत्कालीन वनमंत्री हान्स आयझेनमान यांनी ती न उचलण्याचा निर्णय घेतला. पुढच्या दशकात भुंगेऱ्याने डोंगरमाथ्यावरचे हजारो हेक्टर स्प्रूस वाळवले. पिढ्यान्‌पिढ्या त्या जंगलावर जगलेल्या गावकऱ्यांच्या दृष्टीने हा निसर्गाच्या नावाखाली चाललेला नाश होता आणि विरोध तीव्र झाला. व्यवस्थापन निर्णयावर ठाम राहिले, मात्र शेजारच्या खासगी जंगलांसाठी उद्यानाच्या सीमेलगत किमान ५०० मीटर रुंदीचा पट्टा ठेवून तेथे किडलेली झाडे तोडणे चालू ठेवले. ही तडजोड दोन्ही बाजूंना पूर्णपणे मान्य नव्हती, पण तीच सर्वांत शहाणपणाची ठरली असे दिसते. सीमेपलीकडच्या चेक शुमावा उद्यानात तोडीवरून सरकारे बदलली तशी धोरणे बदलत राहिली आणि २०११ मध्ये कार्यकर्त्यांनी झाडांना विळखा घालून तोड अडवली.

पोलंडच्या बियावोव्हियेजा अरण्याची गोष्ट न्यायालयात गेली. युरोपच्या सखल प्रदेशात उरलेल्या या प्राचीन अरण्यात भुंगेऱ्याच्या साथीचे कारण पुढे करून २०१६ मध्ये वाढीव तोडीला मंजुरी देण्यात आली. युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये ती थांबवण्याचा अंतरिम आदेश दिला, आदेश मोडल्यास दिवसाला किमान एक लाख युरो दंडाची तंबी दिली आणि १७ एप्रिल २०१८ रोजी ही तोड युरोपीय कायद्याचा भंग करणारी असल्याचा निकाल दिला.

बव्हेरियात वाळलेल्या खोडांना आता तीन दशके होत आली. त्यांतली बहुतेक पडली आहेत आणि कुजणाऱ्या लाकडावर बुरशी, शेवाळ आणि भुंगेऱ्यांच्या अनेक दुर्मीळ जाती परतल्या आहेत. त्या ओंडक्यांच्या आधाराने नवे अरण्य उगवले आहे. त्यात मधूनमधून रोवनची लाल फळांची झाडे आहेत, सखल भागात बीचही आहे. डोंगरमाथ्यावर मात्र बहुसंख्य रोपे पुन्हा स्प्रूसचीच आहेत, फक्त त्यांचे वय एकसारखे नाही आणि रांगाही नाहीत. ‘मुद्रका’ला जाड सालीचे प्रौढ झाड लागते. त्या वयाला पोचायला या रोपांना अजून काही दशके आहेत.